सातऐवजी दहा टप्पे : एका रुग्णालयाच्या कोसळलेल्या नेटवर्कचा प्रकरण अभ्यास

बस, स्टार, रिंग, मेश, ट्री. नेटवर्क टोपोलॉजीचा, म्हणजे संगणक एकमेकांना कोणत्या आकारात जोडायचे याचा धडा शिकलेल्या प्रत्येकाला या पाच आकृत्या पाठ असतात. प्रत्येकीचे फायदे-तोटेही पाठ असतात, कारण प्रश्न हमखास येतो. धड्यात एक गोष्ट मात्र सहसा नसते: चालत्या नेटवर्कची आकृती स्थिर राहत नाही. कुणीतरी एक केबल जोडतं, कुठल्यातरी खोलीत एक जादा स्विच (अनेक संगणकांच्या केबली एकत्र जोडणारं उपकरण) बसतो, आणि कागदावरचा आकार व भिंतीतला आकार वेगळे होत जातात. या फरकाची किंमत किती मोठी असू शकते, हे दाखवणारं एक प्रकरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. ते नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयात घडलं. इथे रुग्णालयाचं आणि व्यक्तींची नावं दिलेली नाहीत. पण एक नोंदवलंच पाहिजे: तिथल्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांनी काहीही न लपवता ही घटना स्वतःहून जगापुढे मांडली, म्हणूनच आपण आज तिच्यातून शिकू शकतो.

पार्श्वभूमी

१९९६ मध्ये दोन जुनी रुग्णालयं एकत्र येऊन हे रुग्णालय तयार झालं. दोघांची आपापली इमारत, आपापले संगणक, आपापलं नेटवर्क. विलीनीकरणानंतर ही नेटवर्क एकमेकांना जोडली गेली. पुढच्या काही वर्षांत नवे विभाग आले, प्रयोगशाळा आल्या, आणि एक्स-रे व स्कॅनच्या प्रतिमा साठवून डॉक्टरांच्या पडद्यावर पोहोचवणारी पॅक्स ही प्रणाली आली. वाड्याला गरजेप्रमाणे खोली काढत जावं, पडवी वाढवत जावं, तसं हे नेटवर्क वाढलं. प्रत्येक जोडणी त्या दिवशी बरोबरच होती. सगळा वाडा एकत्र मोजला कुणीच नव्हता.

त्या काळात हे रुग्णालय संगणकीकरणात खूप पुढे होतं. डॉक्टर औषधाची ऑर्डर संगणकावर देत, रक्ततपासणीचे निकाल पडद्यावर येत, जुने कागदपत्रही तिथेच दिसत. नेटवर्क सांभाळणाऱ्या गटात मुख्य ज्ञान एकाच अनुभवी माणसाच्या डोक्यात होतं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून नेटवर्कची तपासणी झाली होती आणि रचना बदलण्याच्या शिफारशीही हातात आल्या होत्या. अंमलबजावणी व्हायची होती.

रचना नेमकी कशी होती

पुस्तकी भाषेत सांगायचं तर हे ट्री म्हणजे वृक्षाकार नेटवर्क होतं. मध्यभागी मोठे स्विच, त्यांच्याखाली इमारतींचे, त्यांच्याखाली मजल्यांचे, आणि शेवटी टेबलावरचे संगणक. आजची बहुतेक कार्यालयं आणि कॉलेजं याच पद्धतीची असतात. नव्वदच्या दशकात आपल्या संगणक प्रयोगशाळांमध्ये दिसणारी बस रचना, म्हणजे एक कोअ‍ॅक्सियल केबल, जागोजाग टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर, ती मागे पडली, कारण एक जोड सैल झाला की अख्खी रांग बंद पडायची. उपकरणं वर्तुळात जोडणाऱ्या रिंगचंही तसंच झालं. पूर्ण मेश महाग पडते: ६ उपकरणं प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायची तर १५ जोडण्या लागतात, ५० उपकरणांना १,२२५. म्हणून व्यवहारात ट्री, आणि वरच्या थरात थोडी मेश, म्हणजे महत्त्वाच्या स्विचमध्ये एकाऐवजी दोन रस्ते.

या दुसऱ्या रस्त्यातच खरी मेख आहे. स्विचच्या पातळीवर, म्हणजे दुसऱ्या थरात, इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडीला, आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेट ही वरच्या थरातली पुडी; तिच्यावर एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरवर (वेगवेगळी नेटवर्क जोडणाऱ्या उपकरणावर) एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. फ्रेमवर असा आकडाच नाही. दोन स्विचमध्ये वर्तुळ तयार झालं, तर सगळ्यांसाठी असलेली एक ब्रॉडकास्ट फ्रेम त्या वर्तुळात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळीकडे पाठवल्या जातात, आणि काही क्षणांत सगळी क्षमता अशा फ्रेमनीच भरून जाते.

यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली, आणि पुढे ती ८०२.१डी या मानकात आली. सगळे स्विच मिळून एक मूळ स्विच ठरवतात, तिथून प्रत्येकापर्यंत एकच रस्ता चालू ठेवतात आणि उरलेले रस्ते झाकून ठेवतात. मूळ स्विच दर २ सेकंदांना ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. झाकलेल्या पोर्टला (स्विचवर केबल खोचायच्या जागेला) २० सेकंद निरोप मिळाला नाही, तर वरचा रस्ता तुटला असं समजून ते पोर्ट उघडायला लागतं. ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद धरले तर सुमारे ५० सेकंदांत नवा रस्ता सुरू होतो.

हे सगळे सेकंद एका गृहीतावर बसवलेले आहेत: कोणत्याही दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त ७ स्विच असतील. निरोप प्रत्येक स्विचवर थोडा शिळा होत जातो. सातच्या पुढे गेलं की तो वेळेत, ताजा पोहोचेल याची हमी राहत नाही. बोस्टनच्या त्या रुग्णालयात पॅक्सचा भाग मध्यवर्ती स्विचपासून १० टप्पे दूर होता. तो जोडला गेला तेव्हा काहीच बिघडलं नाही, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अडचण

बुधवार, १३ नोव्हेंबर २००२. दुपारी ईमेल मंदावले, मग रुग्णांच्या नोंदी उघडायला वेळ लागू लागला, मग काही पडदे उघडेनासेच झाले.

ठिणगी पडली होती संशोधन विभागात. एका संशोधकाने नेटवर्कवरच्या फायली शोधून त्यांच्या प्रती गोळा करणारं एक सॉफ्टवेअर प्राथमिक अवस्थेतच चालू केलं होतं आणि घरी बाळाचा जन्म होणार म्हणून तो रजेवर गेला. सॉफ्टवेअर चालूच राहिलं आणि प्रचंड प्रमाणात माहिती हलवू लागलं. मध्यवर्ती स्विच त्या ओझ्याखाली इतका दबला, की शेजारच्या स्विचना त्याचे नेहमीचे निरोप मिळेनात. स्विच जिवंत होता, पण त्याचा आवाज पोहोचत नव्हता. इतर स्विचनी नियमाप्रमाणे निष्कर्ष काढला की तो गेला, आणि झाकलेले रस्ते उघडले. मुख्य रस्ता आणि पर्यायी रस्ता एकाच वेळी चालू झाले. वर्तुळ तयार झालं. वर्तुळामुळे गर्दी वाढली, गर्दीमुळे निरोप आणखी हरवले, त्यामुळे आणखी रस्ते उघडले.

इथे जरा थांबून पाहायला हवं. केबल तुटली तर वाचवण्यासाठी जे जादा रस्ते ठेवले होते, त्यांनीच नेटवर्क बुडवलं. त्यात स्विचची चूक नव्हती आणि पर्लमन यांच्या पद्धतीचीही नव्हती. ‘निरोप आला नाही’ याचा अर्थ ती पद्धत ‘रस्ता तुटला’ असा लावते. ‘रस्ता तुंबला’ हा दुसरा अर्थ तिला कळत नाही. म्हणून तुंबण्याची शक्यता रचनेनेच कमी ठेवावी लागते, आणि या रचनेत सगळं रुग्णालय एकाच सपाट, न विभागलेल्या क्षेत्रात होतं. एका प्रयोगशाळेतला गोंधळ थेट अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचू शकत होता.

डेटा पूर्ण शाबूत होता. सर्व्हर चालू होते. फक्त त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता उरला नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय साहजिक होता: दोषी संगणक शोधून बंद करणं. अडचण अशी की शोधण्याची साधनंही त्याच नेटवर्कवरून चालत होती. तुंबलेल्या स्विचमध्ये लॉग-इन करायलाही तोच तुंबलेला रस्ता. शिवाय एकदा वर्तुळ सुरू झालं की मूळ कारण काढून टाकलं तरी वर्तुळ आपोआप थांबेलच असं नाही.

दुसरा पर्याय: जादा जोडण्या काढून टाकून रचना साधी करणं, म्हणजे उघडायला झाकलेला रस्ताच उरणार नाही. हा विचार तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्यासाठी कोणती केबल कुठे जाते याचा खरा, अद्ययावत नकाशा हवा. तो नसताना प्रत्येक बदल म्हणजे अंदाज होता, आणि प्रत्येक बदलानंतर सगळे स्विच पुन्हा गणित मांडायला बसत होते, त्या काळात कुणाचीच माहिती पुढे जात नव्हती.

तिसरा: उपकरणं पुरवणाऱ्या कंपनीच्या आणीबाणी पथकाला बोलावून रचना तिथल्या तिथे बदलणं. दुसऱ्या थराचं सपाट नेटवर्क तोडून इमारतींमध्ये राउटिंग आणायचं, म्हणजे भागांच्या हद्दीवर राउटरने माहितीची वाट ठरवायची. हाच कायमचा उपाय होता, पण चालत्या रुग्णालयात तो कधी कुणी आरामात करत नाही.

चौथा पर्याय नेटवर्कचा नव्हताच. सगळ्यांनी संगणक सोडून कागदावर जायचं.

निर्णय आणि कृती

बुधवारची दुपार आणि रात्र पहिल्या दोन पर्यायांत गेली. नेटवर्क मध्येच सुधारायचं, कर्मचाऱ्यांची ये-जा आणि वापर वाढला की पुन्हा कोसळायचं. गुरुवारी आपत्कालीन विभाग काही तास बंद ठेवावा लागला आणि रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय गुरुवारी झाला, आणि तो केबलबद्दल नव्हता. नेटवर्क बंद आहे असं जाहीर करायचं, ते दुरुस्त होईपर्यंत कागदावरच काम करायचं, आणि मधूनच चालू झालं तरी वापरायचं नाही. वरवर पाहता ही हार वाटते. पण डॉक्टरांच्या जागी उभं राहून पाहा: औषधाची ऑर्डर संगणकावर दिली, ती पोहोचली की नाही माहीत नाही, अर्ध्या तासाने कागदावर दिली, तोवर पडदा पुन्हा चालू झाला. एकाच रुग्णाला दोनदा औषध किंवा एकदाही नाही, असा धोका यातून निर्माण होतो. कधी आहे, कधी नाही असं नेटवर्क हे नसलेल्या नेटवर्कपेक्षा धोकादायक असतं. शिवाय या निर्णयाने तंत्रज्ञांना शांतपणे काम करायला मोकळीक मिळाली. आता ‘दहा मिनिटांसाठी तरी सुरू करा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

कागदावर जाणंही सोपं नव्हतं. तरुण निवासी डॉक्टरांपैकी अनेकांनी कागदी ऑर्डर कधी लिहिलेलीच नव्हती. जुन्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी ती पद्धत त्यांना शिकवली. प्रयोगशाळेचे निकाल छापून माणसांकरवी वॉर्डात पोहोचवले जाऊ लागले.

तांत्रिक बाजूने कंपनीचे अभियंते आणि मोठं राउटिंग-स्विच विमानाने आणलं गेलं. त्यांनी पहिलं काम केलं ते मोजण्याचं: एकेका स्विचपासून मध्यापर्यंत किती टप्पे आहेत. पॅक्सचा दहा टप्प्यांचा भाग तेव्हा उघड झाला. तो आधी वेगळा काढून राउटिंगवर नव्याने बांधला, आणि मग मर्यादेबाहेर गेलेले इतर भाग एकेक करून हाताळले. शनिवार-रविवार चाचण्यांत गेले. सोमवारपर्यंत रुग्णालय पुन्हा संगणकावर आलं.

परिणाम

सपाट नेटवर्कची जागा राउटिंगने विभागलेल्या, दुहेरी मध्य असलेल्या रचनेने घेतली. आता प्रत्येक भागाचं स्पॅनिंग ट्री त्याच्या हद्दीपुरतं. एखाद्या मजल्यावर वर्तुळ झालं तर तो मजला जाईल, रुग्णालय जाणार नाही. पर्यायी रस्तेही राहिले, पण ते निवडण्याचं काम राउटिंगकडे गेलं, जिथे वाट चुकलेल्या पॅकेटचं आयुष्य मर्यादित असतं.

यंत्रांपेक्षाही मोठा बदल कामाच्या पद्धतीत झाला. नेटवर्कमधला प्रत्येक बदल आधी एका मंडळापुढे जाऊ लागला: काय बदलणार, कधी, बिघडलं तर परत कसं येणार. सगळं ज्ञान एका माणसाकडे ठेवायचं नाही, असं ठरलं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी नियमित झाली. आणि नेटवर्क पूर्ण गेलं तरी नोंदी पाहता याव्यात म्हणून टेलिफोनच्या लाइनवर चालणारे संगणक तयार ठेवले गेले.

वेगळं काय करता आलं असतं

ही घटना सांगितली की वर्गात बहुतेकांचं बोट संशोधकाकडे जातं. मला ते मान्य नाही. एका माणसाच्या सॉफ्टवेअरने जर अख्खं रुग्णालय बंद पडत असेल, तर त्याने नसतं पाडलं तर दुसऱ्या कशाने तरी पाडलं असतं: एखादं बिघडलेलं नेटवर्क कार्ड, एखादा व्हायरस, किंवा भिंतीतल्या दोन पोर्टना एकाच केबलने जोडणारा कुणी निरागस माणूस. चाचणी न झालेलं सॉफ्टवेअर चालू ठेवू नये हे खरं. पण तो दोष ठिणगीचा आहे, आणि आपला विषय गवताची गंजी आहे.

खरी संधी पॅक्स जोडण्याच्या दिवशी होती. त्या दिवशी ‘हे मध्यापासून कितवं?’ एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर तो भाग स्विचला न जोडता राउटरमार्फत जोडला गेला असता. उपकरणं जवळपास तीच, खर्च थोडा जास्त, रचना पूर्ण वेगळी. बाहेरून विकत घेतलेली प्रणाली बसवणारे लोक आपली प्रणाली चालली की निघून जातात. तिच्यामुळे एकूण आकृती कशी झाली हे पाहणं हे संस्थेचंच काम असतं.

दुसरी संधी शिफारशी हातात आल्यानंतरची. रचना बदलायला निधी, वेळ, नियोजित बंदकाळ लागतो, म्हणून उशीर समजण्यासारखा आहे. पण त्या मधल्या काळासाठी अंतरिम उपाय करता आले असते. मूळ स्विच कोणता असावा हे हाताने ठरवणं हे त्यातलं सर्वांत स्वस्त. ते ठरवलं नाही तर सगळ्यांचा प्राधान्यक्रम सारखा धरून सर्वांत लहान मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) असलेला स्विच मूळ बनतो, आणि लहान पत्ता बऱ्याचदा सर्वांत जुन्या उपकरणाचा असतो. म्हणजे कपाटातला सर्वांत थकलेला स्विच सगळ्यांचा मुखिया. या रुग्णालयात तसं झालं होतं असा माझा दावा नाही, पण असे नेटवर्क कितीतरी आढळतात. संशोधन विभागाला वेगळं करून त्याच्या वाहतुकीला मर्यादा घालणं हाही असाच मधला उपाय होता.

तिसरी गोष्ट तंत्रज्ञांच्या हातातली. स्विचपर्यंत पोहोचायचा स्वतंत्र रस्ता, मग तो वेगळ्या केबलचा असो वा कन्सोल पोर्टला (स्विचच्या थेट नियंत्रणासाठीच्या जागेला) जोडलेल्या फोन लाइनचा, असता तर बुधवारच्या संध्याकाळी अंदाजाने बदल करायची वेळ कमी आली असती. आणि कागदावर जाण्याचा निर्णय गुरुवारऐवजी बुधवारी रात्रीच घेता आला असता का? मला वाटतं, त्याचा सराव झालेला असता तर नक्कीच. सराव नसलेल्या माणसाला कागद हा शेवटचा पर्याय वाटतो.

आपल्या इमारतीत

आज पुणे, नाशिक, कोल्हापूरपासून तालुक्याच्या गावापर्यंत रुग्णालयं, पतसंस्था, महाविद्यालयं अशीच टप्प्याटप्प्याने वाढलेली नेटवर्क चालवतात. आपल्याकडे धोका जरा वेगळ्या रूपात येतो. टेबलाखाली ठेवलेले पाच किंवा आठ पोर्टचे साधे स्विच स्पॅनिंग ट्री चालवतच नाहीत. खोलीत एक पोर्ट कमी पडला की असा एक स्विच येतो, त्याला दुसरा लागतो, आणि स्टार, म्हणजे सगळे थेट एका मध्याला जोडलेले, असं म्हणवणाऱ्या नेटवर्कची साखळी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकाम झालं की सुटलेली केबल कुणीतरी ‘रिकामी दिसली’ म्हणून दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये खोचतं, आणि सोमवारी सकाळी सगळं ऑफिस ठप्प.

व्यवस्थापन करता येणारे स्विच असतील तर टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे ते निरोप). तिथून दुसऱ्या स्विचचा निरोप आला की पोर्ट आपोआप बंद होतं. ब्रॉडकास्टला टक्केवारीची मर्यादा घाला. इमारती एकमेकांना जोडताना फायबर वापरा, कारण तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे आणि पावसाळ्यात विजेचा धक्काही तिच्यातून आत येतो. इमारतीच्या उंबरठ्यावर शक्य असेल तिथे राउटिंग ठेवा.

या सगळ्याच्या आधी एक काम बिनखर्चाचं आहे. जुनी आकृती बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर नव्याने काढायची. व्यवस्थापन करता येणारा स्विच सहसा आपल्या शेजाऱ्यांची यादी दाखवतो, ती उतरवून घ्यायची. जे साधे स्विच यादीत दिसत नाहीत ते शोधायला प्रत्येक खोलीत जाऊन टेबलाखाली वाकून पाहायचं. मग मध्यापासून प्रत्येक टोकापर्यंत टप्पे मोजून तो आकडा तिथेच लिहायचा. पाच किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, तर पुढच्या खरेदीत आधी त्या जागेचा विचार करायचा. हा कागद स्विचच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख घालून चिकटवायचा, आणि नवी केबल जोडणाऱ्याने आधी त्यावर रेघ ओढायची, मग केबल लावायची.